शोभेच्या माशांच्या मेळाव्याला जाताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, बेंगळुरू, कोल्हापूर, गोवा, कुठंही हौशी मत्स्यपालकांचं जमायचं ठरलं की आपल्याकडं फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. इथं उष्ण कटिबंधातल्या गोड्या पाण्याच्या माशांचाच विचार केला आहे. खाऱ्या पाण्याचे टँक हा वेगळा आणि महागडा संसार आहे.

मेळावा आणि प्रदर्शन यात फरक काय?

प्रदर्शनात तुम्ही तिकीट काढून बघायला जाता. कंपन्यांचे स्टॉल असतात, मोठमोठे टँक असतात, गर्दी असते. समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाचं ‘अ‍ॅक्वा अ‍ॅक्वेरिया इंडिया’ हे त्यातलं मोठं उदाहरण. २०१७ मध्ये ते मंगळुरात झालं आणि २०१९ मध्ये हैदराबादला. तिथं शोभेच्या माशांच्या जोडीला कोळंबी आणि खाण्याच्या माशांची शेतीही असते, त्यामुळे अथणी-रायबागकडच्या शेततळेवाल्यांनाही ते उपयोगी पडतं.

मेळावा हौशी लोकांचा. एखादं सभागृह, रांगेत मांडलेले टँक, काचेच्या बरण्यांत फाइटर म्हणजे झुंजार बेट्टा मासे, दुपारी एखादं व्याख्यान, संध्याकाळी माशांचा लिलाव. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन टेबलांच्या मधे उभं राहून चाललेल्या गप्पा. ज्यानं घरी डिस्कससारख्या नाजूक, गोल-चपट्या माशाची पिल्लं वाढवली आहेत असा माणूस तुम्हाला तिथंच भेटतो. दुकानदार जे सांगत नाही ते हा माणूस न विचारता सांगतो.

माझ्याकडं फक्त गप्पी आहेत. मी तिथं जाऊन काय करू?

अहो, गप्पीवाल्यांचा तर तिथं दरारा असतो. गप्पी महिन्याभरात पिल्लं देतो, आणि तीन-चार महिन्यांत ती पिल्लंही प्रजननाला तयार होतात. एकाच वर्षात तीन पिढ्या डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे रंग आणि शेपटीची निवड करून स्वतःची जात शुद्ध ठेवणं घरच्या घरी जमतं. डिस्कसवाल्याला एवढं बघायला कितीतरी वर्षं लागतात. बिनधास्त जा.

मुलांना न्यावं का?

न्या. फक्त काचेवर टकटक करायची नाही हे घरीच सांगून ठेवा.

जायचं कशानं?

नुसतं बघायला जाणार असाल तर कशानंही जा. बेंगळुरूला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची आहे, पुण्याकडं मिरजमार्गे रेल्वे आहेत, आणि निपाणी-कोल्हापूर बाजूला महामार्गावर बस मिळतेच. मासे न्यायचे किंवा आणायचे असतील तर विचार बदलतो. आमच्या मते चार जणांनी मिळून गाडी काढावी. खोकं कुठं ठेवायचं, काच कधी खाली घ्यायची, चहाला कुठं थांबायचं, हे सगळं आपल्या हातात राहतं.

वातानुकूलित स्लीपर बसचा एक धोका लक्षात ठेवा. रात्री दोनला सगळे गाढ झोपलेले असतात, वरून गार हवेचा झोत येतो आणि त्याखाली तुमची पिशवी असते. सकाळपर्यंत पाणी वीस अंशांच्या खाली गेलेलं असतं. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात, बाकीच्या बहुतेक जातींना २४ ते २८. थर्माकोलचं खोकं, त्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद आणि खोकं पायाशी, एवढं केलं की निभावतं. डिक्कीत ठेवायला देऊ नका. तिथं उन्हाळ्यात भट्टी होते. विमानानं मासे न्यायचा बेत असेल तर तिकिटाआधी कंपनीला विचारून घ्या.

सीमेवर काही अडचण येते का?

माशांमुळे येत नाही. माणसांमुळे कधीकधी येते. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस कोगनोळी नाक्याच्या अलीकडं-पलीकडं थांबतात, हे आपल्याला नवीन नाही. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास मेळावा असेल तर खोक्यात मासे घेऊन बसच्या भरवशावर निघू नका. पिशवीतल्या माशांचा वेळ मोजका असतो, नाक्यावर दोन तास गेले तर ते परत मिळत नाहीत. बिलं, पावत्या जवळ ठेवा; कुणी खोकं उघडायला सांगितलं तर शांतपणे उघडून दाखवा आणि लगेच बंद करा.

भाषेचं काय?

माशांची नावं सगळीकडं इंग्रजीच असतात, पुढचं हिंदीत चालतं. बेंगळुरूला आपलं बेळगावी कन्नड ऐकून लोक गालातल्या गालात हसतात, पण मदत हटकून करतात.

जाण्याआधी घरी काय तयारी करू?

याचं उत्तर थोडं लांब आहे, कारण मेळाव्यात काय घ्यायचं ते तुमच्या घरचं पाणी ठरवतं.

आपल्या भागात पाणी गावागणिक बदलतं. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं. ते नळाचं, म्हणजे क्लोरीन घातलेलं. खानापूरकडं जांभ्या दगडाचा मुलूख आणि धो धो पाऊस, तिथल्या विहिरींचं पाणी सहसा हलकं असतं. पूर्वेला, चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत बोअर मारली की जड पाणी लागतं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात ते त्याचंच. घरोघरी आरओ बसवणारे लोक टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र घेऊन येतात. त्यांच्याकडून आपलं पाणी एकदा मोजून घ्या, दुकानातून पीएच (सातच्या खाली पाणी आंबट, वर अल्कली) आणि जडपणा तपासायचं किट आणा आणि आकडे खिशात कागदावर लिहून न्या.

त्या कागदाचा उपयोग असा. निऑन आणि कार्डिनल हे छोटे टेट्रा मासे आणि रानटी डिस्कस अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. त्यांचं मूळचं पाणी हलकं आणि आंबटसर. खानापूरवाल्यांनी तिकडं वळावं. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिड कुळातल्या माशांना उलट जड, साडेसातच्या वरचा पीएच असलेलं पाणी लागतं. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांनाही जड पाणी मानवतं. अथणीच्या माणसानं बोअरच्या पाण्याशी वर्षानुवर्षं झगडून कार्डिनल जगवण्यापेक्षा मलावीचे निळे-पिवळे सिक्लिड पाळावेत. ते त्या पाण्यात आपणहून अंडी धरतात. बाजारातले बहुतेक डिस्कस आणि एंजल पिढ्यान्पिढ्या टँकमध्येच वाढलेले असल्यामुळे मधल्या पाण्यात जुळवून घेतात, पण विकणाऱ्याला ‘तुमच्याकडं पाणी कसलं?’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. चांगला पाळणारा या प्रश्नानं खूश होतो. उडवाउडवी करणाऱ्याचं टेबल सोडा.

दुसरी तयारी म्हणजे आणलेले मासे आधी काही आठवडे वेगळे ठेवायला एक रिकामा टँक. दीड-दोन फुटी, आत स्पंज फिल्टर, हीटर आणि तळाला काही नाही. हा फिल्टर जायच्या आधी महिनाभर चालू टँकमध्ये ठेवा. नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टँकमध्ये मुरलेला स्पंज असला की ते आयतेच मिळतात.

मी तीन दिवस नसेन. घरच्या माशांना खायला कोण घालणार?

कुणी नको. धडधाकट मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी आरामात राहतात. शेजारच्या काकूंना डबी दिली तर त्या प्रेमानं मूठभर घालतात, मग पाणी बिघडतं आणि परत आल्यावर टँक दुधाळ दिसतो. पिल्लं असतील तर मात्र माणूस हवा, कारण त्यांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं लागतं. अशा वेळी एका वेळचं खाणं कागदाच्या पुडीत बांधून द्या, डबी लपवा.

जास्त काळजी विजेची करा. एप्रिल-मेमध्ये वळीव झोडपतो आणि रात्रभर लाइट नसते. फिल्टर बंद पडला की जिवाणूही ऑक्सिजनवाचून मरतात आणि मासेही वर येऊन धापा टाकतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप स्वस्तात मिळतो, तो जोडूनच घराबाहेर पडा.

माझे मासे स्पर्धेला न्यायचे आहेत. पिशवी कशी भरू?

आदल्या दिवशी खायला घालू नका. मोठ्या माशांना दोन दिवस आधीच थांबवा. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी उशिरा घाण होतं. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश ऑक्सिजन, तळाचे कोपरे रबरानं बांधलेले (लहान मासे कोपऱ्यात अडकून चेपतात) आणि वरून दुसरी पिशवी. ऑक्सिजन कोणत्याही मोठ्या मत्स्यदुकानात भरून देतात.

फाइटरला ऑक्सिजन भरू नका, साधी हवा पुरे. हा मासा पृष्ठभागावर येऊन डोक्यातल्या खास अवयवानं हवा घेतो. एका पिशवीत एकच, आणि दोन पिशव्यांच्या मधे वर्तमानपत्र; नाहीतर वाटभर एकमेकांकडं बघून कल्ले फुगवत दमतात. काटेरी कॅटफिशना तीन पिशव्या किंवा सरळ झाकणाची प्लास्टिकची बरणी द्या.

परीक्षक काय बघतात?

आधी तब्येत. रंग कितीही झळझळीत असो, पंख मिटलेला किंवा पोट आत गेलेला मासा बाद.

पुढचं जातीवर आहे. हाफमून फाइटरची शेपटी उघडल्यावर पूर्ण १८० अंशांची हवी, कडा सरळ. क्राउनटेलमध्ये पंखांच्या काड्या पडद्याच्या बाहेर आलेल्या दिसतात. प्लाकाट आखूड पंखांचा, थायलंडमधल्या मूळ झुंजीच्या माशाच्या जवळचा. त्याच थायलंडनं २०१९ मध्ये फाइटरला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. डिस्कसमध्ये गोल बांधा आणि डोळ्याचं प्रमाण बघतात: शरीराच्या मानानं डोळा मोठा दिसला तर तो मासा लहानपणी उपासमारीनं किंवा घाण पाण्यानं खुरटलेला समजायचा. विकत घेतानाही हीच खूण लावा.

वनस्पतींच्या टँकची स्पर्धा वेगळी. तिथं मासे दुय्यम असतात, मांडणीला मान असतो. आज जगभर जी शैली चालते ती जपानच्या ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी रूढ केली: दगड, लाकूड, हिरवळ आणि मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. शेवाळ खाणारी जी बारीक कोळंबी दुकानात ‘आमानो’ म्हणून मिळते ती त्यांच्याच नावाची. आपल्याकडची मंडळी पहिल्या वेळी टँक गच्च भरतात, आणि मार्क तिथंच जातात.

लिलावात बोली कशी लावावी?

सकाळीच पिशव्या बघून ठेवा. पिशवीवर जात, नग, वय आणि पाळणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. शेवटचं नाव महत्त्वाचं, कारण पुढं शंका आली तर फोन त्यालाच करायचा. मनात आकडा ठरवा, तिथं थांबा. लिलावात दोन मित्र एकाच पिशवीवर भिडले की दुकानातल्या भावाच्या दुप्पट बोली होते आणि तिसराच माणूस, म्हणजे विकणारा, हसत बसतो. सहा-आठ लहान माशांची एकच जात घेणं केव्हाही बरं. झुंडीनं राहणाऱ्या टेट्रांची प्रत्येकी एक-एक जोडी आणली तर सगळेच बुजून कोपरा धरतात.

काय घेऊच नये?

रंग टोचलेले मासे. काचेसारखा पारदर्शक रंगा मासा मूळचा भारतातलाच. त्याच्या अंगात सुईनं गुलाबी-हिरवा रंग भरून विकतात. रंग काही महिन्यांत फिका पडतो, आणि तोवर मासा जगला तर नशीब.

आशियाई अरोवाना सायटीस कराराच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. पाळायचा तर कागदपत्रं आणि नोंदणी लागते, ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. समुद्रघोडे भारतात वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. कुणी टेबलाखालून दाखवले तर पुढं चला.

आणि सकर. शेवाळ खातो म्हणून दोन इंची घेतात, तो दीड फुटाच्या घरात जातो. तुमचा टँक तीन फुटी आहे.

निऑन आणि कार्डिनल मला एकच वाटतात.

निऑनची लाल पट्टी अंगाच्या मध्यापासून मागं जाते, कार्डिनलची डोक्यापासून शेपटीपर्यंत. कार्डिनल अजूनही मोठ्या प्रमाणावर रिओ निग्रो नदीतून पकडला जातो. ब्राझीलमधल्या बार्सेलोस या गावात शोभेच्या माशांचा उत्सवच भरतो. गावात दोन तट पडतात, एक कार्डिनलचा, दुसरा डिस्कसचा, आणि नाचगाण्यांची चुरस लागते. आपल्या गणेशमंडळांना हे सांगायला हवं.

मासे घेऊन घरी पोचलो. आता? थेंब-थेंब पाणी सोडत दोन तास ठेवू का?

स्थानिक दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ते चालतं. पुण्याहून किंवा बेंगळुरूहून आठ-दहा तास पिशवीत आलेल्या माशाला नाही. कारण समजून घ्या.

पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो. त्याच वेळी अमोनियाही साठत असतो. पण पीएच कमी असला की त्यातला बहुतेक अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. सातच्या पीएचला विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, आठला गेला की तोच पाचाच्या आसपास. तुम्ही पिशवी उघडता, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि मासा त्याच पाण्यात बसलेला असतो. वर चिकोडीकडचं जड, चढ्या पीएचचं पाणी थेंबाथेंबानं पडत असेल तर विचारूच नका.

म्हणून लांबून आलेली पिशवी न उघडता वीस-तीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. दिवे बंद. मग पिशवी कापा, पाणी जाळीतून बादलीत ओता आणि मासे लगेच टँकमध्ये सोडा. पिशवीचं पाणी टँकमध्ये थेंबभरही नको. पाण्यात खूप तफावत असेल तर ती आधीच मिटवा: वेगळ्या टँकमधलं पाणी विकणाऱ्याच्या पाण्याजवळ नेऊन ठेवा आणि पुढच्या दोन आठवड्यांत पाणी बदलताना हळूहळू आपल्या पाण्यावर आणा. तुमचा कागद इथं कामाला येतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) घाला किंवा रात्रभर एअर पंप सोडून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पोचणार असाल तर हीटर आदल्या रात्रीच कुणाला तरी लावायला सांगा. बेळगावची थंडी थर्माकोलच्या आतही शिरते.

वेगळ्या टँकमध्ये किती दिवस?

तीन ते चार आठवडे. त्या टँकची जाळी, पाइप, बादली वेगळी. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पहिल्या दोन आठवड्यांत सहसा दिसतो. तो परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही, पाण्यात मोकळा पोहत असतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध पुढं काही दिवस चालू ठेवायचं. तांबं असलेलं औषध कोळंबी-गोगलगायींच्या टँकमध्ये कधीही घालू नका.

पहिल्या दिवशी खायला काही नको. दुसऱ्या दिवशी चिमूटभर.

येता-जाता चोर्ला, आंबोलीच्या ओढ्यांतून मासे आणले तर?

आणू नका. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात मिळालेली शिस्टुरा हिरण्यकेशी ही जात २०२० मध्ये जगासमोर आली. एवढ्याशा जागेत सापडलेला मासा म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरवली. संकेश्वरवरून वाहत घटप्रभेला मिळते तीच ही नदी. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे मासे आहेत ज्यांना अजून नावही नाही. हौसेच्या जाळ्यानं एखादा ओढा रिकामा व्हायला वेळ लागत नाही.

‘मिस केरळ’ म्हणून मेळाव्यात मिळणारा लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब केरळ आणि कर्नाटकच्या घाटांतला, आणि धोक्यात आलेला. टँकमध्ये पैदास झालेलाच घ्या; पिल्लं आणि आईबाप दाखवू शकणारा माणूस शोधा.

नको झालेले मासे तलावात सोडले तर पुण्य लागेल ना?

पाप लागेल. सकर मासे भारतातल्या अनेक नद्या-तलावांत असेच पोचलेत. काठ पोखरून बिळं करतात आणि कोळ्यांची जाळी फाडतात. पुढच्या मेळाव्यात देऊन टाका, नाहीतर दुकानदाराला फुकट द्या.

आपल्याकडंच मेळावा भरवायचा तर?

भरवा की. लग्नसराई नसताना मंगल कार्यालय घ्या: पाणी, मोरी आणि भरपूर प्लग तिथं असतातच. टेबलं मात्र बघून घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये छप्पन्न लिटर पाणी मावतं, म्हणजे छप्पन्न किलो, वर काचेचं वजन. जेवणाच्या पंक्तीची घडीची टेबलं त्याखाली वाकतात. लोखंडी स्टँड भाड्यानं आणा. टँक दोन दिवस आधी भरून पंप चालू करा, जनरेटर सांगून ठेवा. विधानसभेचं अधिवेशन बेळगावात असेल त्या आठवड्याची तारीख धरू नका, पुण्या-गोव्याच्या पाहुण्यांना लॉज मिळत नाही. आणि माशांचे स्टॉल एका बाजूला, जेवण दुसऱ्या बाजूला, मधे हात धुवायची सोय.